बाहेर बसलेलं पोवळं

मी यवतमाळात समुद्र विकायचो. थट्टा नाही. पोत्यातून मीठ यायचं, ते गाळलेल्या पाण्यात मापाने कालवायचं, पंप लावून दिवसभर घुसळायचं, की झाला समुद्र तयार. उन्हाळ्यात अख्खी गल्ली नळाची वाट बघत असायची आणि माझ्या दुकानात पिंपभर समुद्र डुचमळत असायचा. बायको म्हणायची, "लोकायले प्याले पानी नाई अन् तुमी हाये तेबी खारं करून राह्यले." तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून उत्तर द्यायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर दुकान बंद केलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण अजूनही रस्त्यात कोणी गाडी थांबवून विचारतं, "दिलीपभाऊ, आमचा गोल्डफिश उलटा पोहून राह्यला, काय करू?" मी सांगतो, खाणं कमी कर. शंभरातल्या नव्वद दुखण्यांवर हाच इलाज आहे, माशांच्याही आणि मालकांच्याही.

फिशटँकवाला म्हणजे मासे विकणारा असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी पाणी सांभाळायचो. पाणी नीट असेल तर मासा आपलं आपण बघतो. पण ग्राहकाला पाणी दिसत नाही, त्याला मासा दिसतो, आणि आपल्याकडे तर मासाही नुसता मासा राहत नाही. एका जिनिंगवाल्या शेठजींनी मला शाकाहारी मासा मागितला होता. वाळवलेल्या अळ्यांची पुडी बघून त्यांच्या आईंनी जेवण सोडलं होतं म्हणे. मी त्यांना पालक खाणारा मासा आणून दिला, तर त्याने आठवडाभरात शेजारच्या माशाचं शेपूट खाल्लं. दुसऱ्या एका वकीलसाहेबांकडे टाकी बसवली, सगळ्या सूचना साहेबांना दिल्या, संध्याकाळी घरच्यांनी रीतसर उद्घाटन केलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी, हळद, कुंकू सगळं टाकीत वाहिलं. सकाळी फोन आला की मासे झोपून आहेत. मी ही गोष्ट पुढे कित्येकांना हसत हसत सांगितली. त्यात शिकण्यासारखं काही होतं हे मला निमकर सरांच्या घरी कळलं, आणि तेही उशिरा.

निमकर सर पांढरकवड्याचे. केळापूरच्या रस्त्याला वडिलांनी बांधलेलं त्यांचं विटांचं घर आहे. वडील तहसील कचेरीत, सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एके दिवशी एसटीने यवतमाळला आले, दुकानात स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मले टाकीत प्रवाळ ठेवाचं आहे."

मी त्यांना आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला. प्रत्येक ग्राहकाला करायचो. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे घरात बाळंतीण असल्यासारखं असतं. पाणी थंड ठेवणारं यंत्र लागतं, कारण आमच्या मे महिन्यात पोवळं शिजून निघेल. वीज गेली की इन्व्हर्टर लागतो, आणि आमच्याकडे वीज जाते हे वेगळं सांगायला नको. शिवाय आपल्या समुद्रातलं पोवळं उचलणं, विकणं हा गुन्हा आहे. मी मागवायचो ते परदेशात टाकीतच वाढवलेल्या पोवळ्यांचे तुकडे, कागदपत्रांसकट, त्यामुळे वाट बघावी लागायची.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिलीपभाऊ, जिनगीभर मी पोट्ट्यायले प्रवाळ शिकवलं. फळ्यावर, खडूनं. समुद्र मी दोनदाच पाह्यला, दोनी टायमाले पोट्ट्यायची सहल घेऊन गेलतो. कोण बुडून राह्यलं अन् कोण भेळ खाऊन राह्यलं, हेच पाहत बसलो." मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. टाकी बसवायचं त्याच दिवशी ठरलं.

टाकी बैठकीत बसवली, सरांच्या आरामखुर्चीसमोर. पहिलं पोवळं हिरवं, अंगठ्याच्या नखाएवढं. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा असं ज्यांच्या डोळ्यांसमोर येईल त्यांच्यासाठी सांगतो. हे झाडासारखं दिसतं, दगडासारखं लागतं आणि असतो तो प्राणी. किंबहुना हजारो बारके प्राणी एकत्र, आपणच बांधलेल्या दगडाच्या घरात. हे वाक्य माझं नाही, सरांचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते खुर्चीतून ऐकवायचे. दूधवाल्यालाही ऐकवलेलं मी पाहिलं आहे.

काही वर्षांत तो नखाएवढा तुकडा फुलकोबीच्या गड्ड्याएवढा झाला आणि त्याच्या शेजारी आणखी दोन छोटी पोवळी आली. सरांच्या पत्नी शकुंतलाकाकू, माहेर मुकुटबनचं, शेतकऱ्याची लेक. पहिल्यांदा त्यांना हे सगळं खूळ वाटलं होतं. मग हळूहळू रोज पाण्याची पातळी बघणं, काच पुसणं, सर बाहेर गेले तर माशांना चिमूटभर खाणं घालणं त्यांच्याकडे आलं. त्या हिरव्या पोवळ्याला त्या 'थोरली' म्हणायच्या. "थोरलीनं आज हात पसरले," असं मला फोनवर सांगायच्या. मी दर महिन्याला जायचो तेव्हा कामापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या, आणि काकूंच्या हातचं वांग्याचं भरीत चुकवण्याइतका मी मूर्ख नव्हतो.

सरांचे डोळे जायला लागले ते हळूच. काचबिंदू. कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही आक्रसत गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले, शस्त्रक्रिया केली, पण गेलेलं परत येत नाही असं स्पष्ट सांगितलं. सर टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि नाक काचेला टेकवून बघायचे. काचेवर त्यांच्या नाकाचा तेलकट ठसा असायचा, काकू रोज पुसायच्या.

त्या दिवसांत एकदा सर मला म्हणाले, "एक निळं पाह्यजे. फांद्यायचं, निळं." मग कारण सांगितलं. त्यांच्या पुस्तकात त्या पोवळ्याचं चित्र होतं, पण पुस्तक काळंपांढरं. वर्गात ते चित्र दाखवून ते सांगायचे, हे निळं असतं. दरवर्षी सांगायचे. "पोट्टे लिहून घ्याचे, निळं. मी मार्क द्याचो. अन् मी स्वतः ते कधी पाह्यलं नाई." दिसतंय तोवर एकदा बघायचं होतं त्यांना. मी त्याच दिवशी माल मागवला.

आता थोडं धंद्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

बाहेरून आलेलं पोवळं थेट मोठ्या टाकीत घालायचं नसतं. त्याच्या अंगावर पाहुणे असतात. फांद्यांच्या पोवळ्यावर एक चपटा किडा असतो, पोवळ्याच्याच रंगाचा, इतका पातळ की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. तो पोवळं खातो. मोठ्या टाकीत शिरला तर दगडांच्या फटींमुळे हाती लागत नाही, आणि एकाचं झालं की दुसऱ्या पोवळ्यावर जातो. म्हणून वेगळी छोटी टाकी करायची. तिच्यात वाळू नाही, दगड नाही, लपायला जागाच नाही. नुसती काच, एक पंप, एक दिवा आणि पोवळं ठेवायला प्लास्टिकची जाळी. पाणी मोठ्या टाकीतलं आणून भरलं तरी चालतं, पण इथला थेंबही तिकडे न्यायचा नाही. जाळं वेगळं, नळी वेगळी, बादली वेगळी, फडकं वेगळं. पोवळं आलं की औषधाच्या पाण्यात बुडवून हलवायचं, पिचकारीने फांद्याफांद्यांतून पाणी मारायचं. किडे असले तर सुटून खाली पडतात. पण त्यांची अंडी खाली बुडाशी चिकटलेली असतात, तपकिरी, खसखशीसारखी, आणि त्यांना औषध लागत नाही. दिसतील तेवढी खरवडायची, न दिसलेली फुटायची वाट बघायची, फुटली की पुन्हा औषध. असं कित्येक आठवडे. मग आत न्यायचं.

याला धंद्यात क्वारंटाईन म्हणतात. आधी हा शब्द समजावून सांगावा लागायचा. कोरोनानंतर गावातल्या म्हातारीलाही पाठ झाला. पण निमकरांच्या घरी मी तो उच्चारणार नव्हतो. काकूंचा धाकटा भाऊ त्याच काळात गेला होता. मुकुटबनहून त्याला नेलं तेव्हा काकूंना भेटता आलं नाही, आणि मग तोंडही बघता आलं नाही. टीव्हीवर तो शब्द आला की काकू उठून आत जायच्या. मी हे पाहिलं होतं.

तर माल आला, मी छोटी टाकी घेऊन पांढरकवड्याला गेलो आणि जागा शोधली. घराच्या मागे पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणीघराच्या भिंतीला लागून एक कोपरा. सावली होती, जवळच मोरी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायची भीती नाही. मी म्हटलं, इथेच ठेवतो. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरोबर जागा शोधली तुमी." मी ती शाबासकी समजलो.

त्यांनी विचारलं, "हे कायले वेगळं? टाकी हाये नं आत येवढी मोठी."

आता क्वारंटाईन तर म्हणायचं नव्हतं. घरगुती भाषेत समजावून सांगायची मला हौस, किंबहुना त्यात मी स्वतःला तरबेज समजायचो. म्हटलं, "काकू, नवी आली आहे. तिले काई दिवस बाहेर बसवाचं. कोणी शिवाचं नाई. शिवलं तं हात धुतल्याबिगर आतल्या टाकीले हात लावाचा नाई. तिची बादली वेगळी, फडकं वेगळं."

काकू टाकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मले नका शिकवू ते. मले सारं येते."

मी हसलो. मग औषधाचं पाणी केलं, निळं पोवळं त्यात बुडवलं, पिचकारी मारली. दोन किडे पडले. बुडाशी अंड्यांचा एक पुंजका होता, तो खरवडला. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. विचारलं, "न्हाऊ घालून राह्यले का?"

मला तो शब्द फार आवडला. म्हटलं, "हो काकू, न्हाणंच समजा." पोवळं जाळीवर ठेवलं, दिवा लावला, आणि बैठकीत जाऊन सरांसमोर बसलो. तिथे मी सगळं तपशीलवार सांगितलं. अंडी राहिलेली असू शकतात, पुन्हा पुन्हा औषध करावं लागेल, मी येत राहीन, मी सांगेपर्यंत हलवायचं नाही. सर मान डोलवत होते. काकू तेव्हा स्वयंपाकघरात माझ्यासाठी भाकरी थापत होत्या. टाकी सरांची, म्हणून माहिती सरांना दिली, आणि पडवीत काकूंशी नुसती गंमत केली. इतकी वर्षं मी असाच धंदा केला, घरोघरी. टाकी पुसणारी एक आणि माहिती ऐकणारा दुसरा.

त्याच आठवड्यात सर आणि काकू नागपूरला तपासणीला गेले. उजवा डोळा संपला होता. डाव्याचं विचारलं तर डॉक्टरांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. पुढचं काकूंनी मला नंतर सांगितलं. घरी आल्या, हातपाय धुतले, पडवीत गेल्या, त्या निळ्या पोवळ्याला उचललं आणि आत मोठ्या टाकीत नेऊन ठेवलं, पुढच्या काचेला अगदी लागून, थोरलीच्या शेजारी. सरांना खुर्चीत आणून बसवलं आणि म्हणाल्या, "पाहा आता."

मी पुढच्या फेरीला गेलो तर सर दारापर्यंत आले मला घ्यायला. हात धरून म्हणाले, "दिलीपभाऊ, निळं आहे हो ते. खरंच निळं आहे." मी टाकीकडे पाहिलं. निळं पोवळं आत होतं, थोरलीला खेटून. काकू मागे उभ्या होत्या, इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "न्हाणं झालतं नं. मंग कायले बसवाचं बाहेर? न्हाली का आत घ्याचं असते."

तिला 'धाकटी' असं नावही ठेवून झालं होतं.

मी पिचकारी घेतली, सगळ्या पोवळ्यांवर मारून पाहिली. किडा दिसला नाही. सरांना म्हटलं, बाहेर काढलेलं बरं. सर म्हणाले, "राहू द्या. पाहू." त्यांच्या आवाजात अशी काही विनवणी होती की माझाही हात टाकीत गेला नाही. एखाद्या वेळी अंडी सगळीच खरवडली गेली असतील, असं मी स्वतःला समजावलं आणि यवतमाळची बस पकडली.

त्यानंतरचे काही आठवडे सरांच्या आयुष्यातले फार चांगले गेले असावेत. काकू सांगायच्या, सकाळी उठून तोंड न धुता टाकीसमोर जाऊन बसतात. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून सांगतात, मी शिकवलं ते बरोबर होतं, निळंच असतं.

मग एके दिवशी काकूंचा फोन आला. "थोरलीच्या अंगावर पांढरे चट्टे आले हो."

मी गेलो. पिचकारी मारली आणि थोरलीच्या अंगावरून चपटे किडे पानगळीसारखे सुटले. त्यांनी तिला आतल्या फांद्यांपासून खात आणलं होतं. एवढा मोठा गड्डा, आणि अर्ध्याअधिक फांद्या नुसती हाडं झालेल्या. अशा वेळी एकच मार्ग असतो. फांद्यांची सगळी पोवळी मोठ्या टाकीतून बाहेर काढायची, छोट्या टाकीत ठेवून औषध करत राहायचं, आणि मोठी टाकी रिकामी ठेवायची. खायला पोवळं नाही म्हटल्यावर आतले किडे उपाशी मरतात. म्हणजे सगळी टाकी पडवीत आणि बैठकीत नुसते दगड. सरांचा डावा डोळा तेव्हा शेवटच्या टप्प्यावर होता. मी ते सांगत असताना सर खुर्चीत बसून होते आणि त्यांचं तोंड टाकीकडेच होतं.

पडवीत मी एकेक पोवळं औषधात बुडवत होतो. काकू बादली धरून होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मी तं न्हालेली आत घेतली होती. मंग किडे कुठून आले?"

मी अंड्यांबद्दल सांगितलं. औषध किड्यावर चालतं, अंड्यावर चालत नाही. अंडं बुडाशी राहतं आणि मागून फुटतं.

काकूंनी बादली खाली ठेवली. "म्हंजे बोंडअळीवानी?"

"हो काकू. तसंच."

"फवारनी अळीवर होते, अंडं राह्यते, म्हून मंग पुन्हा फवारा लागते."

"हो."

काकूंनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "दिलीपभाऊ, मी कापसाच्या वावरात लहानाची मोठी झालो. बोंडअळीवानी सांगतलं असतं तं मले एका बोलात समजलं असतं. तुमी मले न्हाणं काहून सांगतलं?"

यात राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेला असता. मी बारा गावचं पाणी पिऊन ग्राहकाचा राग गिळायला शिकलो होतो. पण हा खरोखर विचारलेला प्रश्न होता. त्यांचं मन दुखू नये म्हणून मी एक शब्द टाळला आणि त्याच्या जागी जो वापरला त्याचा अर्थ मला ठाऊकच नव्हता.

तो त्यांनीच सांगितला, तिथेच उभ्या राहून. सासूबाई कडक होत्या. महिन्याच्या त्या दिवसांत या कोपऱ्यात बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडं वेगळं. पाणीही वरून ओतायचे. चौथ्या दिवशी न्हाणं झालं की आत. "नवीन लग्न झालतं. सोळा-सतरा वर्साची असन मी. मुकुटबनले आमच्या घरी वावरात काम, तिथं कोण बसवते बाहेर? इथंच आल्यावर समजलं. इथून बैठकीतलं सारं ऐकू ये. हे पोट्ट्यायची शिकवनी घेत तिथं. प्रवाळ, अमकं, ढमकं. मी इथं बसून ऐको. तवाच ऐकलं मी पयल्यांदा, निळं असते म्हून."

मी धाकटीला जाळीवर ठेवलं. काकू तिच्याकडे बघत म्हणाल्या, "न्हाल्यावरबी बाहेर ठेवलेली पाह्यली अन् मले राहवलं नाई. ह्यायचे डोळे तं होतेच. पन निस्ते डोळे नव्हते. खोटं कायले बोलू?"

मी मान वर केली तर पडवीच्या दारात सर उभे होते, चौकटीला धरून. कधीपासून होते कोण जाणे. काकूंनी पदर सारखा केला.

सर म्हणाले, "शकू, चूक तुयी नाई. मले माहीत होतं. अंडी राह्यते, औषध लागत नाई, हे दिलीपभाऊनं सांगतलं होतं मले. मी शिकवलंबी आहे. तू आत आणली तवाच समजलं होतं मले." मग म्हणाले, "पन निळं दिसून राह्यलं होतं."

काकूंनी बादली उचलून मोरीत रिकामी केली.

थोरली वाचली नाही. मी जमेल ते केलं. मेलेल्या फांद्या तोडल्या, उरलेल्यांना औषध केलं, पण ती रोज थोडी पांढरी होत गेली आणि एका फेरीला काकूंनी मला फुलकोबीएवढा पांढरा दगड कागदात गुंडाळून दाखवला. टाकून देववत नव्हता. बाकीची दोन छोटी पोवळीही गेली. राहिली ती धाकटी, जिने हे सगळं घरात आणलं. तिला नखभरही काही झालं नाही. या धंद्यात असं होतं, आणि का होतं हे मला अजून कळलेलं नाही.

मोठी टाकी रिकामी ठेवायची मुदत संपत आली तोवर सरांचा डावा डोळाही गेला होता. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. मी धाकटीला आत न्यायला पांढरकवड्याला निघालो तेव्हा वाटेत सारखं वाटत होतं की कशासाठी जातो आहे. आतली टाकी दिसणार कोणाला? दुकान बंद करायचा विचार त्याच बसमध्ये पक्का झाला. गुडघ्यांचं कारण मी लोकांना सांगतो, तेही खरंच आहे.

घरी पोचलो तर बैठकीत सरांची खुर्ची नव्हती. काकू म्हणाल्या, मागे या.

आरामखुर्ची पडवीत होती. न्हाणीघराच्या भिंतीला लागून, छोट्या टाकीशेजारी, त्या कोपऱ्यात. सर तिच्यात बसले होते, एक हात टाकीच्या काचेवर. पंपाची थरथर काचेतून हाताला लागते, ती ते ऐकत असावेत. काकू म्हणाल्या, महिना झाला, सकाळचा चहा इथेच, दुपारचं जेवणही इथेच, आत बोलावलं तर येत नाहीत.

मी विचारलं, "सर, इथं काय करून राह्यले?"

सर म्हणाले, "बसून राह्यलो." मग माझ्याकडे नव्हे, समोर तोंड करून म्हणाले, "तवाच येऊन बसाले पाह्यजे होतं मी इथं. बैठकीतून चार पावलं होती."

काकू न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. मी माझं काम काढलं. हात धुतले, पिचकारी मारून धाकटीला एकदा शेवटचं तपासलं, बूड उलटं करून बघितलं. स्वच्छ होती. एक अंडं नाही, एक चट्टा नाही. निळी तर इतकी होती की मला सरांकडे बघवेना.

"काकू," मी म्हटलं, "झालं हिचं. आत घेऊ?"

काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. मग चहाचा कप सरांच्या हातात नीट धरवून दिला, आपला पाट ओढून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला आणि त्यावर बसत म्हणाल्या, "तिले घ्या आत. ह्यायले बसू द्या अजून जराक बाहेर."